मानवी गंधग्राही: जनुकं माहीत, प्रथिनं माहीत, मग गंध का जुळत नाहीत?

नासिकाग्र

माणसाच्या जीनोममध्ये गंधग्राही प्रथिनांची (पुढे नुसतं 'ओआर' लिहितो) सुमारे ४०० चालती जनुकं आहेत. बंद पडलेली, म्हणजे छद्मजनुकं, त्याहूनही थोडी जास्त. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांचा मूळ शोधनिबंध १९९१ चा, त्यावरचं नोबेल २००४ चं, आणि मानवी जीनोमची यादी हाती येऊनही दोन दशकं उलटली. तरी 'हे ओआर अमुक रेणूला प्रतिसाद देतं' असं छातीठोकपणे सांगता येईल अशी थोडीच. बाकीची अजून अनाथ.

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय? जनुक क्लोन करण्यात, पेशीत प्रथिन तयार करून घेण्यात, की गंधरेणू तिथवर पोचवण्यात? 'जीवशास्त्र गुंतागुंतीचं असतं' हे उत्तर नको. काय, किती, कोणत्या टप्प्यावर आणि बिघडतं ते का, असं लिहा.

जोडप्रश्न: डीएनए अहवालात एखाद्या ओआर जनुकात 'स्टॉप' (प्रथिन मध्येच थांबवणारी खूण) आलेला दिसला तर त्याला किती किंमत द्यायची?

---

पिपेटवाला

क्लोनिंगमध्ये तर नक्कीच नाही. ओआरचा प्रथिन-सांकेतिक भाग साधारण ९३० ते ९६० अक्षरांचा, म्हणजे ३१० च्या आसपास अमिनो आम्लं, आणि तो सगळा एकाच एक्सॉनमध्ये (जनुकाच्या सलग वाचल्या जाणाऱ्या तुकड्यात). मध्ये इंट्रॉन (कापून टाकला जाणारा भाग) नाही. त्यामुळे नाकातला ऊतक, आरएनए, सीडीएनए वगैरे काही लागत नाही. रक्तातून किंवा लाळेतून काढलेला जीनोमिक डीएनए घ्या आणि सरळ पीसीआर (डीएनएच्या हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं) करा. (इंट्रॉन असतात ते सुरुवातीच्या अननुवादित भागात. त्यांचा इथे संबंध नाही.)

दोन खड्डे मात्र आहेत. पहिला म्हणजे भाऊबंद जनुकं. एकाच उपकुटुंबातली ओआर एकमेकांशी इतकी जुळतात की सांकेतिक भागाच्या टोकांवर प्रायमर (प्रतींची हद्द ठरवणारे छोटे डीएनए-तुकडे) ठेवलात तर शेजारचं जनुकही वर येतं. म्हणून पहिल्या फेरीचे प्रायमर सांकेतिक भागाच्या बाहेर, दोन्ही बाजूंच्या डीएनएमध्ये ठेवायचे. तो भाग भाऊबंदांमध्ये जास्त वेगळा असतो. क्लोनिंगची टोकं दुसऱ्या फेरीत जोडायची.

दुसरा खड्डा संकराचा. पॉलिमरेज (प्रती काढणारं विकर) अर्ध्यात सुटलं की तो अर्धवट तुकडा पुढच्या चक्रात दुसऱ्या अलीलवर (त्याच जनुकाच्या दुसऱ्या रूपावर) जाऊन बसतो आणि कोणत्याही माणसात नसलेला जोड-अलील तयार होतो. उच्च-अचूकतेचं पॉलिमरेज, लांबवण्याचा वेळ ऐसपैस आणि चक्रं कमीत कमी. एका व्यक्तीचे निदान ८ क्लोन वाचा. ४ वाचलेत तर दोनपैकी एक अलील हुकण्याची शक्यता १२.५ टक्के, ८ वाचलेत तर १ टक्क्याच्या खाली.

---

पेशीपालक

पिपेटवाल्यांशी सहमत. प्लास्मिड (जनुक पेशीत नेणारं डीएनएचं वर्तुळ) तयार झालं की खरा तमाशा सुरू होतो.

ओआर हे सात वेळा पटल ओलांडणारं, जी-प्रथिनाला जोडलेलं ग्राही. नाकातल्या चेतापेशीत ते केसतंतूंच्या पटलावर असतं. तेच जनुक एचईके२९३टी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी मूत्रपिंडाच्या) पेशीत टाकलं की प्रथिन बनतं, पण अंतर्द्रव्यजालिकेतच (नवी प्रथिनं घडतात त्या पेशीतल्या जाळ्यातच) अडकून राहतं. पटलावर पोचतच नाही, मग बाहेरून कितीही गंध ओता. नव्वदच्या दशकात बरेच प्रयत्न इथेच फसले.

उपाय तुकड्यातुकड्याने आले. ओआरच्या सुरुवातीला ऱ्होडॉप्सिनची पहिली २० अमिनो आम्लं जोडणं हा एक. दुसरा, आणि मोठा, २००४ मध्ये: मात्सुनामी यांच्या प्रयोगशाळेने आरटीपी१, आरटीपी२ आणि आरईईपी१ ही साहाय्यक प्रथिनं शोधली. त्यांतलं आरटीपी१ चं आखूड रूप, आरटीपी१एस, आज जवळपास प्रत्येक चाचणीत घातलं जातं.

९६ खाचांच्या प्लेटचं रूढ गणित, दर खाचेला:

ओआर प्लास्मिड ५ नॅनोग्रॅम, आरटीपी१एस ५, सीआरई-ल्युसिफरेज (ओआर पेटलं की उजेड पाडणारा रिपोर्टर) १०, एसव्ही४०-रेनिला (सतत चालू असणारं, तुलनेसाठीचं दुसरं ल्युसिफरेज) ५, आणि एम३ मस्कारिनिक ग्राही २.५ नॅनोग्रॅम. एम३ घातलं की बऱ्याच ओआरचा प्रतिसाद वाढतो.

पहिल्या दिवशी पॉली-डी-लायसिन लावलेल्या प्लेटमध्ये पेशी पेरा. हे अस्तर टाळू नका, एचईके पेशी माध्यम बदलताना सालीसारख्या निघून येतात. दुसऱ्या दिवशी ट्रान्सफेक्शन, म्हणजे प्लास्मिडं पेशींत शिरवणं. तिसऱ्या दिवशी, १८ ते २४ तासांनी, माध्यम काढून सीरमविरहित माध्यमात विरघळवलेला गंधरेणू २५ मायक्रोलिटर घाला आणि ३७ अंश सेल्सियसला ४ तास ठेवा. मग आधी काजव्याच्या ल्युसिफरेजचं वाचन, नंतर रेनिलाचं. पहिल्याला दुसऱ्याने भागा.

मागची साखळी: ओआर सक्रिय झालं की जी-प्रथिन, मग ॲडेनिलिल सायक्लेज, सीएएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) वाढतं, किनेज, सीआरईबी, शेवटी ल्युसिफरेज. नाकात हेच जी-ऑल्फ आणि सायक्लेज-३ मार्फत होतं आणि सीएएमपी थेट आयनमार्ग उघडतं. कॅल्शियम आत येतं, त्याने ॲनो२ मार्ग उघडून क्लोराइड बाहेर जातं, चेतापेशी पेटते.

तीन नियंत्रणं नसतील तर आकडे कुणाला दाखवू नका: ओआरशिवाय रिकामं प्लास्मिड अधिक तोच गंध, ओआर अधिक नुसतं द्रावक, आणि फोर्सकोलिन १० मायक्रोमोलर. फोर्सकोलिन सायक्लेजला थेट चालवतं. त्यालाही उजेड पडला नाही तर दोष ओआरचा नाही, पेशींचा किंवा रिपोर्टरचा आहे.

---

शंकासुर

पेशी स्वतःचं प्रथिन स्वतःच अडवून का ठेवते? आणि नाकातली पेशी का अडवत नाही?

---

वळसा_पाच

@शंकासुर, नाकातली पेशीही अडवतेच, फक्त तिच्याकडे आरटीपी१ आणि आरटीपी२ असतात. ती दोन्ही काढून टाकलेल्या माउसमध्ये बऱ्याच ओआरची वाहतूक कोलमडते.

अडकण्याचं कारण रचनेत आहे. कुटुंबातल्या बहुतेक सदस्यांमध्ये ज्या जागी जे अमिनो आम्ल असतं, त्यापासून एखादं ओआर जितकं दूर, तितकं ते अस्थिर आणि जालिकेत अडकण्याची शक्यता जास्त. २०२० च्या एका अभ्यासात अशा जागा 'बहुमताच्या' अमिनो आम्लाने बदलल्यावर काही ओआर आरटीपीशिवायही पटलावर आली. नवनवे गंध ओळखण्यासाठी कुटुंब इतकं फाकत गेलं की स्थैर्याचा बळी गेला, असं त्याचं वाचन करता येतं. मला ते पटतं.

गंमत अशी की चेतापेशी हीच अडचण खूण म्हणून वापरते. अपरिपक्व पेशीत ओआर जालिकेत साचलं की तिथला ताण-प्रतिसाद पर्क आणि एटीएफ५ मार्फत चालू होतो आणि त्यातून 'एक ओआर निवडलं गेलं, आता दुसरं उघडू नका' असा निरोप जातो. पेशी परिपक्व होऊन सायक्लेज-३ बनवू लागली की तो ताण उतरतो. एक चेतापेशी, एक ओआर, तेही आईकडचं किंवा बापाकडचं एकच अलील: या नियमाचा मोठा भाग इथे आहे. बाकी शेकडो ओआर एच३के९ मिथिलेशनच्या (डीएनए गुंडाळणाऱ्या प्रथिनावरच्या रासायनिक खुणेच्या) कुलपात बंद.

---

हजरजबाबी

म्हणजे चारशे उमेदवार, एकच खुर्ची, आणि निवडून आलेला आधी कोठडीत. ओळखीचं वाटतंय.

---

उग्रगंधा

पेशीपालकांनी पेशींची बाजू चोख मांडली. आता रसायनाची, कारण अर्धे खोटे निकाल इथून येतात.

साठा-द्रावण १ मोलर, डीएमएसओमध्ये. न विरघळल्यास इथेनॉल. द्रावकाचं अंतिम प्रमाण सगळ्या खाचांमध्ये सारखंच ठेवायचं, नाहीतर मात्रा-आलेख गंधाचा नसून द्रावकाचा निघतो. मात्रा साधारण १ मिलिमोलरपासून खाली दहापटीने किंवा अर्धलॉगने (सुमारे तिपटीने). १ मिलिमोलरला बरेच रेणू पेशी मारतात. ते ओळखायचं रेनिलावरून: रेनिला कोसळलं की गुणोत्तर खोटंच फुगतं. म्हणून नुसतं गुणोत्तर न देता दोन्ही वाचनं वेगवेगळी बघावीत.

बाष्प. गंधरेणू उडणारा नसता तर तो गंधरेणूच नसता. उघड्या प्लेटमध्ये तो शेजारच्या खाचेत जातो आणि 'द्रावक-नियंत्रण' खाचही उजळते. तीव्र बाष्पशील रेणूंसाठी वेगळी प्लेट, वरून चिकट पट्टी, आणि जास्त मात्रेच्या खाचा नियंत्रणाच्या बाजूला न ठेवणं. काहींनी यालाच गुण मानून बाष्पाद्वारेच गंध देण्याची चाचणी बसवली आहे: ग्लोसेन्सरवर (सीएएमपी वाढताच उजळणाऱ्या प्रथिनावर) सीएएमपी त्याच क्षणी मोजायचं.

ऑक्सिडेशन. आल्डिहाइड बाटलीत पडून पडून आम्ल होतात. टर्पीनही बदलतात. साठे छोट्या कुप्यांत, नायट्रोजनखाली, उणे २० ला. आम्लं वापरत असाल तर सामू जुळवा, नाहीतर ओआर नाही, पेशी प्रोटॉनला प्रतिसाद देतील.

आणि अशुद्धी. ९९ टक्के शुद्ध रेणू १ मिलिमोलर घातलात तर १० मायक्रोमोलर दुसरंच काहीतरी घातलंत. कित्येक ओआर १० मायक्रोमोलरला व्यवस्थित पेटतात. म्हणून कमकुवत, फक्त सर्वोच्च मात्रेला दिसणारा प्रतिसाद आला की आधी जीसी-एमएस (मिश्रणातले रेणू वेगळे करून ओळखणारी तपासणी), मग आनंद.

---

शंकासुर

मग चाचणीत आलेली मात्रा म्हणजे माणसाचा वास येण्याचा उंबरठा असं समजायचं का?

---

उग्रगंधा

अजिबात नाही. चाचणीत पेशी द्रवात बुडालेली असते, नाकात रेणू हवेतून श्लेष्मात उतरतो. पाण्यात न विरघळणारा रेणू श्लेष्मात आणि माध्यमात वेगळा वागतो. शिवाय श्लेष्मातली विकरं आल्डिहाइड आणि एस्टर बदलतात, हे माउसमध्ये दाखवलं गेलंय. ग्राहीपर्यंत पोचतो तो रेणू तुम्ही हुंगलेलाच असेल असं नाही.

---

जीनोमकारकून

मूळ धाग्यातल्या जोडप्रश्नाकडे. स्टॉप दिसला की लगेच 'गंध गेला' म्हणू नका. क्रमाने तपासा.

आधी मॅपिंग, म्हणजे वाचलेला तुकडा जीनोममध्ये नेमक्या जागी बसवणं. छोट्या, १५० अक्षरांच्या वाचनात ओआर जनुकं म्हणजे दलदल. भाऊबंद जनुकाचं वाचन इथे येऊन बसतं आणि त्या जनुकातला फरक इथला 'उत्परिवर्तन' म्हणून नोंदवला जातो. आयजीव्हीमध्ये (हे तुकडे डोळ्यांनी पाहण्याच्या संगणक-प्रणालीत) उघडा. मॅपिंग-गुणवत्ता शून्याच्या जवळ असेल तर ती नोंद फेकून द्या. विषमयुग्मी (दोन प्रतींत दोन वेगळी अक्षरं) म्हणून नोंद असेल तर दोन अक्षरांचं प्रमाण ५०:५० च्या आसपास हवं. २०:८० दिसलं किंवा जवळजवळच्या जागांवर तीन वेगवेगळे हॅप्लोटाइप (एकाच प्रतीवर एकत्र येणारे अक्षरसंच) दिसले तर दुसरं जनुक घुसलंय. शंका राहिली तर लांब वाचन, किंवा पिपेटवाल्यांनी सांगितलेले बाहेरचे प्रायमर आणि सँगर (एकेक तुकडा वाचण्याची जुनी पद्धत).

मग संदर्भ-जीनोम (तुलनेसाठी ठरवलेला प्रमाण जीनोम). काही ओआर लोकसंख्येत चालतीही आहेत आणि बंदही. संदर्भात नेमकं बंद अलील असेल तर जनुकाच्या नावाला 'पी' लागतो आणि ज्याच्याकडे चालतं अलील आहे तोच 'वेगळा' दिसतो. ओआर११एच७पी हे त्याचं नामांकित उदाहरण. आयसोव्हॅलेरिक आम्लाच्या, म्हणजे शिळ्या घामाच्या वासाच्या संवेदनक्षमतेशी त्याचा संबंध २००७ मध्ये दाखवला गेला.

मग स्टॉपची जागा. सातव्या वळशानंतरच्या (पटल ओलांडणारा एकेक भाग म्हणजे एक वळसा) शेपटीत, शेवटच्या काही अमिनो आम्लांत असेल तर प्रथिन चालू राहू शकतं. तिसऱ्या-चौथ्या वळशात असेल तर खेळ संपला. ओआरमध्ये एकच एक्सॉन असल्याने स्टॉप असलेला आरएनए नष्ट करणारी नेहमीची यंत्रणा इथे धरून चालू नका.

शेवटी वारंवारता. ओआरमधले स्टॉप लोकसंख्येत सर्रास सापडतात. आजाराचं कारण शोधताना एक्सोममध्ये (सगळ्या प्रथिन-सांकेतिक भागांच्या वाचनात) ओआर वर आलं तर ते जवळपास नेहमी गोंगाट असतो. कर्करोगाच्या जनुक-शोधातही हेच झालं: ओआर जनुकं 'वारंवार उत्परिवर्तित' म्हणून यादीत येत होती. ती उशिरा प्रतिकृत होतात आणि त्या ऊतकात व्यक्त होत नाहीत, म्हणून तिथे चुका जास्त साचतात, हे २०१३ च्या म्यूटसिग-सीव्ही कामात हिशेबात धरल्यावर ती यादीतून गळली.

---

पिपेटवाला

+१. नावं कशी वाचायची तेही सांगून टाकतो, अहवाल वाचणाऱ्यांना उपयोगी. ओआर७डी४: ७ हे कुटुंब, डी उपकुटुंब, ४ सदस्य. एका कुटुंबात साधारण ४० टक्के, उपकुटुंबात ६० टक्के अमिनो आम्लं जुळतात. ५१ ते ५६ कुटुंबं वर्ग-१ ची, जलचरांच्या ओआरशी जवळची, आणि ती सगळी ११ व्या गुणसूत्रावर. २० वं आणि वाय सोडून बाकी सगळ्या गुणसूत्रांवर ओआर आहेत, पण सर्वात मोठा गठ्ठा ११ व्यावर, सुमारे ४० टक्के.

---

चिकित्सक७

जीनोमकारकून थोडे जास्तच कडक झाले. चारशेमध्ये एक बंद पडलं तरी फरक पडत नाही हा समज त्यातून पक्का होईल. काही ठिकाणी एकच जनुक जवळजवळ सगळा निकाल ठरवतं.

ओआर५ए१ आणि बीटा-आयनोन, म्हणजे व्हायोलेटच्या फुलाचा मुख्य गंधरेणू. १८३ व्या जागी ॲस्पार्टेट असेल तर माणूस तीव्रपणे ओळखतो, ॲस्पॅराजिन असेल तर सहसा नाही. २०१३ च्या कामात संवेदनक्षमतेतला बहुतेक सगळा फरक या एका जागेने समजावता आला, अगदी मेंडेलच्या वाटाण्यासारखा.

ओआर७डी४ आणि ॲन्ड्रोस्टिनोन, २००७. ८८ व्या जागी आर्जिनिन, १३३ व्या जागी थ्रिओनिन असं अलील चालतं. त्याच दोन जागी ट्रिप्टोफॅन आणि मिथिओनिन आलं की पेशीत प्रतिसाद जवळपास संपतो आणि असे लोक तो वास सरासरीने कमी तीव्र, कमी किळसवाणा सांगतात. पण 'सरासरीने' हा शब्द पुसू नका. हेच ॲन्ड्रोस्टिनोन न येणाऱ्यांपैकी काहींना वारंवार हुंगायला दिल्यावर येऊ लागतं, हे १९८९ पासून माहीत आहे.

ओआर२जे३ आणि कापलेल्या गवताचा सिस-३-हेक्सेनॉल हे तिसरं.

---

जीनोमकारकून

@चिकित्सक७, मान्य, पण ही यादी छोटी आहे ती उगाच नाही. बहुतेक रेणू अनेक ओआर पेटवतात आणि एकेक ओआर अनेक रेणूंनी पेटतं, त्यामुळे एक गेलं तरी नमुना थोडाच बदलतो. २०१४ च्या एका कामानुसार कोणत्याही दोन माणसांची ३० टक्क्यांहून जास्त ओआर अलील कार्यात वेगळी असतात, तरी दोघं बहुतेक वस्तूंना तीच नावं देतात. स्टॉपवरून भाकीत करायचं तर त्या ओआरचा गंध आधी माहीत हवा. म्हणजे आलो पुन्हा मूळ प्रश्नावर.

---

हजरजबाबी

सर्दी झाली की चारशेच्या चारशे छद्मजनुकं.

---

चिकित्सक७

सर्दीत जनुकं, प्रथिनं ठणठणीत असतात, हवाच घ्राणपटलापर्यंत पोचत नाही. कोविडचं वेगळं होतं. विषाणूला लागणारं एसीई२ घ्राण-चेतापेशीत जवळपास नाही, ते शेजारच्या आधारपेशींत आहे. आधारपेशी कोसळल्या, आणि त्यापाठोपाठ चेतापेशींमधली ओआर जनुकांची अभिव्यक्तीही खाली गेली. पेशी मेली नाही तरी ग्राही नाही, अशी अवस्था. पायथ्याच्या मूळपेशी नव्या चेतापेशी बनवतात म्हणून बहुतेकांचा गंध परततो. अवांतर थांबवतो.

---

निळाकंपन

सगळे कुलूप-किल्लीच धरून चाललेत. रेणूची कंपनं ओळखली जातात हा सिद्धान्त कुणीच का घेत नाही? हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातलं की आकार तोच, कंपन वेगळं, आणि वास बदलतो म्हणतात.

---

उग्रगंधा

@निळाकंपन, नेमकं हेच थेट ग्राहीवर तपासलं गेलंय. २०१५ मध्ये मानवी कस्तुरी-ग्राही ओआर५एएन१ वर साधं मस्कोन आणि ड्युटेरियम घातलेलं मस्कोन दिलं. प्रतिसादात फरक नाही. माउसच्या काही ग्राहींवरही नाही. आणि 'वास बदलतो' म्हणणाऱ्या प्रयोगात पहिला संशय घ्यायचा तो वर लिहिलेल्या १ टक्का अशुद्धीचा, कारण ड्युटेरियमचा रेणू वेगळ्या मार्गाने बनवलेला असतो.

उलट बाजूचा पुरावा कार्व्होनचा. आरशातल्या प्रतिमेसारखे दोन रेणू, कंपन-वर्णपट एकच, पण एकाला पुदिन्याचा वास, दुसऱ्याला शहाजिऱ्याचा. हाताची बाजू ओळखायला प्रथिनाची पोकळीच लागते.

---

वळसा_पाच

आणि ती पोकळी आता दिसलीही आहे. २०२३ मध्ये ओआर५१ई२ ची प्रोपिओनेटसह क्रायो-ईएम (गोठवलेल्या प्रथिनाची, इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाने काढलेली) रचना आली, मानवी ओआरची पहिली. पोकळी इवलीशी, सुमारे ३१ घन अँगस्ट्रॉम, बाहेरून पूर्ण बंद. २६२ व्या जागेचं आर्जिनिन प्रोपिओनेटच्या ऋणभारित टोकाला धरतं. चौथ्या वळशातलं १५५ वं फिनाइलॲलॅनिन किंवा १५८ वं ल्युसिन काढून छोटं ॲलॅनिन घातलं की पोकळी वाढते आणि लांब शेपटीची मेदाम्लंही चालू लागतात. आकारावर निवड कशी होते याचा इतका स्वच्छ पुरावा आधी नव्हता.

पण हेच ओआर पहिलं का मिळालं ते बघा. ते प्रोस्टेटमध्येही व्यक्त होतं, नाकाबाहेर जगतं, म्हणजे आरटीपीच्या कुबड्यांशिवाय बऱ्यापैकी उभं राहणारं. वर्ग-२ मधलं, म्हणजे ५१ ते ५६ सोडून बाकी कुटुंबांतलं, नैसर्गिक ओआर इतकं सहज हाती लागत नाही, म्हणून २०२४ मध्ये कुटुंबाच्या बहुमतावरून घडवलेली कृत्रिम ओआर वापरून रचना काढल्या गेल्या. बहुमताच्या अमिनो आम्लांचा तो मार्ग इथे कामी आला.

---

शंकासुर

अल्फाफोल्ड (प्रथिनाचा आकार सांगणारी संगणक-प्रणाली) आहे, डॉकिंग (संगणकात रेणू पोकळीत बसवून पाहणं) आहे. चारशे ओआर आणि हजारो रेणू संगणकात बसवून टाका, संपलं.

---

वळसा_पाच

अल्फाफोल्ड वळशांचा सांगाडा चांगला देतं, पण गंध ठरतो पोकळीत. ती दोन्ही टोकांनी लवचीक, वरचं दुसरं बाह्य वळण लांबलचक, आणि रेणू दहा-पंधरा अणूंचा. ध्रुवीय पकड एखादीच किंवा नाहीच. अशा ठिकाणी डॉकिंगचे गुण चांगल्या-वाईट रेणूंत फारसा भेद करत नाहीत. शिवाय बसणं म्हणजे सक्रिय करणं नव्हे. बसून ग्राही गप्प करणारे रेणूही पुष्कळ. मिश्रणात हे फार महत्त्वाचं, एक घटक दुसऱ्याचं ओआर दाबतो. डॉकिंगचा उपयोग चाचणीची यादी आखडायला, उत्तर म्हणून नाही.

---

हत्तीचेकान

लहानशी भर: आकड्यांवरून घ्राणशक्ती ठरवू नका. माउसमध्ये सुमारे ११०० चालती ओआर, कुत्र्यात ८०० च्या आसपास, आफ्रिकी हत्तीत जवळपास २०००. माणूस ४०० वर आहे म्हणून 'मंद नाकाचा' हा १९ व्या शतकातला समज, ब्रोकापासून आलेला. २०१७ मध्ये त्याचा व्यवस्थित समाचार घेतला गेला.

---

हजरजबाबी

नाव आणि मत दोन्ही हत्तीचंच.

---

नासिकाग्र

खूप मिळालं. आता नेमका प्रसंग घेऊ. क्लोन अचूक, फोर्सकोलिन चालतं, रेनिला स्थिर, शंभर गंधरेणू दिले आणि एकही पेटला नाही. इथून पुढची पायरी कोणती? आणखी शंभर रेणू?

---

पेशीपालक

नाही. आधी ओआर पटलावर आहे का ते बघा. ते माहीत नसताना रेणू वाढवणं म्हणजे फुकट खर्च.

ऱ्होडॉप्सिनची शेपटी सुरुवातीच्या टोकाला आहे, म्हणजे पटलावर पोचल्यास ती पेशीच्या बाहेर. तिला ओळखणारं ४डी२ प्रतिपिंड जिवंत, छिद्र न पाडलेल्या पेशींवर लावा. डिटर्जंट वापरलात की जालिकेतला साठाही रंगतो आणि सगळी ओआर 'छान पोचली' दिसतात. ही चूक प्रकाशित चित्रांतही दिसते. पेशी ट्रिप्सिनने सोडवू नका, शेपटीच कापली जाईल. ईडीटीएने सोडवा. पूर्ण काम बर्फावर, म्हणजे ग्राही आत ओढलं जात नाही. जीएफपी (हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाचं) प्लास्मिड सोबत टाका म्हणजे ट्रान्सफेक्ट झालेल्याच पेशी मोजता येतात, मृत पेशी ७-एएडीने वगळा, मग फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीची चमक मोजणं). तुलनेला एक नेहमी पोचणारं ओआर आणि रिकामं प्लास्मिड.

पटलावर नसेल तर रेणू नकोत, प्रथिन बदला: दुसरं मानवी अलील, चिंपांझी किंवा इतर प्राण्यातलं तेच जनुक, नाहीतर वळसा_पाच यांनी सांगितलेले बहुमताचे बदल, एका वेळी एक. फक्त पोकळीतल्या जागांना हात लावू नका, नाहीतर मिळालेला गंध तुमच्या प्रथिनाचा असेल, माणसाच्या नाही.

---

उग्रगंधा

पटलावर असेल तर रेणूंची यादी बदला, लांबवू नका. नेहमीच्या शंभरात फळफुलांचे एस्टर आणि टर्पीनच भरलेले असतात. गंधकयुक्त थायॉल, मोठ्या वलयाच्या कस्तुऱ्या, स्टेरॉइड, अमाइन असे गट एकेक नमुना घेऊन चालवा. थायॉलसाठी माध्यमात तांब्याचे आयन घालून आणि न घालता, दोन्ही करा. माउसच्या एमओआर२४४-३ मध्ये तांब्याने प्रतिसाद जबरदस्त वाढतो. अमाइनला प्रतिसाद देणारी बरीचशी ग्राही टार या वेगळ्या गंधग्राही कुटुंबातली आहेत, ओआर नव्हेत. माणसात टारची ६ जनुकं चालती, टार५ ट्रायमिथिलअमाइनचं, म्हणजे नासक्या मासळीचं. ती वेगळ्या प्लेटवर.

पहिल्या चाळणीला एकच मात्रा, १०० मायक्रोमोलर. जे वर येईल त्याचा पूर्ण मात्रा-आलेख, तीन-तीन खाचांत, आणि तोच आलेख रिकाम्या प्लास्मिडवर. दोन आलेखांत फरक नसेल तर तो रेणू सोडून द्या, कितीही ओढ वाटली तरी.

---

शंकासुर

माउसमध्ये तर उलटा मार्ग आहे ना? गंध द्या, पेटलेल्या चेतापेशी वेगळ्या काढा, त्यांतला ओआर-आरएनए वाचा.

---

चिकित्सक७

आहे. पेटलेल्या पेशीत एस६ प्रथिनाला फॉस्फेट लागतं, त्याच्या प्रतिपिंडाने रायबोसोम ओढून काढतात आणि कोणत्या ओआरचा आरएनए वाढला ते बघतात. २०१५ पासून रूढ. त्यात पटलाचा, आरटीपीचा प्रश्नच येत नाही, चेतापेशी मूळचीच. पण त्याला गंध दिल्यानंतर तासाभरातलं ताजं घ्राणपटल लागतं. माणसाच्या नाकातून शस्त्रक्रियेत मिळणारा तुकडा काही मिलिमीटरचा, आणि त्यात एकेका ओआरच्या पेशी मूठभर किंवा शून्य.

---

नासिकाग्र

@पेशीपालक, ईडीटीएने सोडवल्यावर पेशी गोळा होऊन सायटोमीटर तुंबत नाही का?

---

पेशीपालक

तुंबतो. थंड पीबीएसमध्ये २ टक्के सीरम घाला आणि वाचनाआधी ४० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळा. सीरम इथे चालतं, गंधाच्या चाचणीत नाही.